आरोही रेषा

ताईंनी वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलीने एक रेषा ओढली. रेषा खालून वर गेली, माथ्याशी पोहोचताच उजवीकडे किंचित वळली आणि थांबली. घडले ते एवढेच. पलंगावर गुरुजी उशांना टेकून डोळे मिटून पडले होते, औषधाच्या बाटल्यांच्या सावल्या मेजावर लांबट उतरल्या होत्या, आणि त्यांचा जुना शिष्य खुर्चीत मांडीवर मुद्रितांचे पुडके घेऊन बसला होता. एका जर्मन तत्त्वज्ञाच्या संग्रहित वाङ्मयाच्या अखेरच्या खंडाची ही छपाईपूर्वीची अखेरची मुद्रिते. ती एकदा गुरुजींच्या हाती ठेवावीत आणि मग छापखान्यात परत धाडावीत, एवढ्याचसाठी तो आला होता. गुरुजींची वाचा गेल्यापासून ताई रोज दुपारी त्यांना बातम्या वाचून दाखवीत. कोणती बातमी वाचायची आणि कोणती गाळायची हे त्या आधी स्वतः वाचून ठरवीत आणि निवडलेल्या मजकुराला खूण करीत. त्यांचे ते काम त्याने यापूर्वी कधी पाहिले नव्हते, कारण तो नेहमी सकाळी येई. आज मुद्रितांमुळे दुपार झाली. त्यांनी दुसरी बातमी वाचली, पेन्सिल तिच्या शेवटच्या ओळीपाशी टेकवली आणि वर नेली. पुन्हा तोच माथा, तेच वळण.

"ताई, रेघ अशी खालून वर का ओढता?"

"अगंबाई, एवढं काय बारकाईनं बघताय? बाबांची शिकवण ती. लहानपणी मी पुस्तकात वरून खाली रेघ मारली की टपली बसायची. म्हणायचे, परिच्छेद संपायच्या आधीच तुला कसं गं कळलं तो खुणेच्या लायकीचा आहे ते? आधी शेवटापर्यंत जा. पटलं, तर शेवटाकडून रेघ घेऊन वर ये."

"आणि वरचं ते वळण?"

"तेही बाबांचंच. त्यांचं अक्षर काही मला उचलता आलं नाही भाऊ, हे शेपूट तेवढं उचललं." ताई हसल्या. मग त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? चेहरा असा काय झाला?"

तो म्हणाला, जरा उकडतेय, खाली जाऊन येतो. पुडके त्याने खुर्चीवर ठेवले, पुन्हा उचलले आणि काखेत धरून जिना उतरला. जिन्यात कुणीतरी नुकतीच फरशी पुसली होती. ओल्या पायऱ्यांवर पाय जपून ठेवताना त्याच्या मनात आले, की आपण घसरून पडलो आणि ही पाने खालच्या चौकातल्या पाण्यात विखुरली, तर तो निव्वळ अपघात ठरेल आणि कुणी काही विचारणार नाही. हा विचार इतका स्वच्छपणे आला, की त्याने कठडा घट्ट धरला.

रस्त्यावर माणसे आपापल्या वाटेने चालली होती. कुलपांच्या दुकानापाशी एक बाई किल्ली करून घेत उभी होती आणि कानशीचा किरकिरता आवाज त्याच्या दातांत उतरत होता. हे सारे आहे तसेच आहे आणि फक्त एक रेषा सरकली आहे, असे त्याला वाटले. ज्या जर्मन तत्त्वज्ञाच्या ग्रंथांना टिपा लिहिण्यात त्याचे उभे आयुष्य गेले, त्याने उत्तरायुष्यात एक शब्दही लिहिला नव्हता. आधी ग्रंथांमागून ग्रंथ, सिद्धान्ताच्या पायावर सिद्धान्त, आणि मग एके दिवशी लेखणी खाली ठेवून मृत्यूपर्यंत मौन. त्या मौनात त्याने काय चिंतिले? आपली सारी रचना त्याला खरी वाटत राहिली की खोटी? याला साक्षीदार एकच होता, तो म्हणजे त्याच्या वाचनातली पुस्तके. त्याच्या पुतणीच्या घरातून निघून, हात बदलत बदलत, ती एका पेटीत हे वाङ्मय प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेकडे आली. पेटीतल्या पुस्तकांच्या समासांत दोन प्रकारच्या रेषा होत्या. शाईच्या रेषा वरून खाली ओढलेल्या, ठाम, कधी कागद ओरखडणाऱ्या. पेन्सिलीच्या रेषा खालून वर चढणाऱ्या, हलक्या, माथ्याशी वळलेल्या. शाईच्या रेषा तारुण्यातल्या आणि पेन्सिलीच्या वार्धक्यातल्या, हे गुरुजींच्या या शिष्यानेच प्रथम मांडले. ज्याने आयुष्यभर पायापासून शिखराकडे विचार रचला, तो अखेरीस शेवटापासून आरंभाकडे वाचू लागला होता. निष्कर्षावर उभा राहून तो आपल्याच गृहीतांकडे मागे वळून पाहत होता. या रेषांना 'आरोही रेषा' हे नावही या शिष्यानेच दिले. ते नाव रुजले. परदेशातल्या विद्वानांनी त्यावर वाद घातले, कुणी त्यात पश्चात्ताप पाहिला, कुणी मुक्ती. अखेरचा खंड, ज्याला कार्यालयात सगळे 'समासखंड' म्हणत, तो याच रेषांचा होता. एकेका रेषेचे छायाचित्र, तिच्या बाजूचा मजकूर, आणि खाली त्याची टीप.

त्या रेषा तत्त्वज्ञाच्या नव्हत्या.

हे वाक्य त्याने मनात पहिल्यांदा उच्चारले तेव्हा तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. त्याला आश्चर्य वाटले ते याचे, की वाक्य ऐकताना धक्का बसला नाही. पायरीचा दगड उन्हाने तापलेला होता, आणि कुठल्याशा जुन्या थकव्याने अंग सैल पडत चालले होते. पेटी आली तेव्हा तो संस्थेत नव्हता. एक हिवाळाभर प्रकल्पाचे संपादक असलेले गुरुजी एकटेच संस्थेच्या तळघरातल्या खोलीत ती पुस्तके वाचत बसले होते. पुढे कितीदा तरी त्यांनी त्या दिवसांविषयी सांगितले होते. "आयुष्यात सुख म्हणजे काय, ते मला त्या हिवाळ्यात कळलं. सकाळी दार लावून घ्यायचो. आत तो आणि मी. मधे कुणी नाही." हातात पेन्सिल नसेल तर गुरुजींना वाचताच येत नसे. चश्म्याशिवाय एखाद्याचे अडावे, तसे त्यांचे पेन्सिलीवाचून अडे. खुणा केलेली आपली पुस्तके मात्र ते कुणाच्या हाती देत नसत, म्हणून त्यांची रेघ त्याने कधी जवळून पाहिली नव्हती. आता त्याला ती खोली दिसू लागली. थंडीने आखडलेली बोटे, वर रस्त्यावरच्या पावलांचा बारीक आवाज, आणि समोर जन्मभर दुरून पूजिलेल्या पुरुषाचे पुस्तक, त्याच्या स्पर्शाने मळलेले, त्याच्या शाईच्या खुणांनी भरलेले. दुसरा कुणी असता तर हात आखडता घेऊन, श्वास रोखून, वस्तू म्हणून ते पाहता. गुरुजींनी ते वाचले. वाचता वाचता पुस्तक कुणाचे, वाचणारा कोण, हे भान गळून गेले असेल. एखादा परिच्छेद शेवटापर्यंत पटला असेल आणि हात आपोआप शेवटाकडून वर गेला असेल. यात लबाडी नव्हती. तल्लीनता होती, आणि तीच त्याला असह्य वाटत होती. लबाडी असती तर रागावता आले असते.

खिशातला फोन वाजला. छापखान्याचा मुकादम होता.

"साहेब, पानं कधी देताय? यंत्र मोकळं ठेवलंय तुमच्यासाठी."

"देतो. संध्याकाळपर्यंत देतो."

"आमचा माणूस गुरुजींच्या घरीच पाठवतो मग. फार काही चुका नाहीत ना?"

"एक आहे," तो म्हणाला.

"एकच ना? मग काय, अर्ध्या तासाचं काम!" मुकादम खुशीत हसला आणि त्याने फोन ठेवला.

त्या दिवसाची आठवण त्याला टाळायची होती, म्हणून तीच आली. त्याने रेषांचा शोध लावला आणि धावतच गुरुजींकडे गेला, तो दिवस. गुरुजी सज्जात उभे राहून चहा पीत होते. त्याचे बोलणे ऐकता ऐकता त्यांनी कप खाली ठेवला, चश्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि परत काढून पुसला. "सगळ्या पेन्सिलीच्या रेघा अशाच आहेत?" त्यांनी विचारले होते. तो उत्साहाने म्हणाला होता, "सगळ्या! एकही अपवाद नाही, गुरुजी." त्यांनी खाली रस्त्याकडे पाहिले. मग म्हणाले, "घाई करू नका." हे त्यांनी पुढच्या दिवसांतही एकदोनदा म्हटले, पण नुसतेच, कारण न देता. आणि त्याला तर घाई होती. लग्न नवे होते, नेमणूक हंगामी होती, आणि प्रकल्प पुढे चालवावा की गुंडाळावा याचा विचार संस्थेचे विश्वस्त करीत होते. त्याचा निबंध छापून आला, बाहेरच्या देशांतून पत्रे आली, आणि गुंडाळण्याची भाषा थांबली. नेमणूक कायम झाली. सगळ्यांनी गुरुजींचे अभिनंदन केले, असा शिष्य मिळाला म्हणून. गुरुजी हसत होते. त्यानंतर मात्र त्यांच्या हातात पेन्सिल दिसली नाही. कुणी विचारले तर म्हणत, "आता मनातच खूण करतो. कागदाला कशाला त्रास?" लोकांना त्यात वैराग्य दिसले. त्यालाही तेच दिसले, आणि त्याविषयी त्याने कुठेतरी गौरवाने लिहिलेही होते. आणि तो स्वतः? त्या तत्त्वज्ञाविषयीच्या भक्तीने त्याने आपली जुनी सवय मोडली आणि तो खालून वर रेषा ओढू लागला. एकदा गुरुजींच्या समोरच त्याने तशी रेषा ओढली होती. गुरुजी उठले आणि खोलीबाहेर गेले. त्याला वाटले, त्यांना कुठलेसे काम आठवले असेल. म्हणजे तो इतकी वर्षे त्यांचाच हात त्यांच्यासमोर नाचवीत होता. त्याला उमाळून आले. हसू की रडू ते ठरेना, आणि किल्ली करून घेणारी बाई जाता जाता त्याच्याकडे वळून पाहू लागली तेव्हा तो उठला.

त्यांनी बोलायला हवे होते. नुसते एक वाक्य. अहो, ती रेघ माझी आहे. मग काय झाले असते? प्रकल्प बुडाला असता, गुरुजींचे नाव बुडाले असते, तो स्वतः कुठल्यातरी शाळेत भाषा शिकवीत राहिला असता आणि कदाचित आज अधिक सुखी असता. की त्यांनी ते वाक्य गिळले ते त्याच्यासाठीच? त्याचा संसार उभा राहावा म्हणून? हा प्रश्न त्याने मनात उलटसुलट फिरवून पाहिला, आणि ध्यानात आले, की दोन्ही उत्तरांनी जखम तेवढीच खोल होते. त्यांनी स्वतःसाठी मौन धरले असेल तर आपण ज्याला देव मानले तो भ्याड होता. आपल्यासाठी धरले असेल तर आपले सारे आयुष्य ही एका वृद्धाने घातलेली भीक होती. आणि तिसरी शक्यता याहून वाईट होती. त्यांना स्वतःलाच ठाऊक नसेल, त्या रेषा पाहून त्यांनाही वाटले असेल की आपला आणि त्या महापुरुषाचा हात एकच. तसे असेल तर त्याच्या निबंधाने त्यांना केवढे सुख दिले असेल!

बायकोचा फोन आला तेव्हा तो परत त्या घराच्या दाराशी पोहोचला होता.

"काय हो, कुठे आहात? गुरुजींनी पाहिलं का? काय म्हणाले?"

"अजून दाखवायचंय."

"आणि आमचे थोरले दीर? गेले का एकदाचे छापखान्यात?" तत्त्वज्ञाला ती पहिल्यापासून थोरले दीरच म्हणत आली होती. खात नाहीत, पीत नाहीत, पण घरातली निम्मी जागा त्यांची, आणि नवरा तर पुराच त्यांचा, असे ती पाहुण्यांना सांगे. मुलगी लहान असताना या अदृश्य काकांना घाबरत असे. आता तिला स्वतःला मूल होणार होते, आणि ती राहत होती त्या दूरच्या शहरात जाऊन राहायचे दोघांनी ठरवले होते, खंड निघाला की. बायकोने कपाटे रिकामी करायला घेतली होती. फोनमधून तिच्या मागे कसलेसे खोके सरकल्याचा आवाज आला. "दिरांचा तो फोटो न्यायचा की इथेच ठेवायचा?"

"राहू दे."

"म्हणजे इथेच?" खोके सरकायचे थांबले. "अहो, संपलं ना? खरंच संपलं ना आता? पुन्हा काही निघालं म्हणून सांगू नका हं. मला आता नाही सोसवायचं."

"संपलं," तो म्हणाला. आपला आवाज त्याला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला.

जिना चढताना त्याने हिशेब मांडून पाहिला. ही गोष्ट फार तर दोनच माणसांना ठाऊक आहे, त्यांतल्या एकाला वाचा नाही. ताईंना रेघ ठाऊक आहे, खंड नाही. त्यांनी तो कधी उघडला नाही आणि उघडणारही नाहीत. तो गप्प राहिला तर खंड निघेल, लोक जातील-येतील, आणि त्या थोर पुरुषाच्या मौनात गुरुजींचा आवाज कायमचा मिसळून जाईल. कुणाचे काय बिघडेल? त्याने हा प्रश्न अगदी प्रामाणिकपणे विचारला. टिपा लिहिण्याच्या धंद्यात एक लहानशी रीत असते. समासातली खूण मूळ लेखकाची नसून दुसऱ्या कुणाची आहे असे कळले, की तिच्यापुढे 'अन्यहस्त' एवढाच शब्द लिहायचा आणि पुढे जायचे. तिच्यावर भाष्य करायचे नाही. ही रीत त्याला गुरुजींनीच पहिल्या दिवशी शिकवली होती. "मूळ लेखकाला स्वतःचा बचाव करता येत नाही," ते म्हणाले होते. "त्याच्या तोंडी आपला शब्द घालणं हे आपल्या कामातलं एकमेव पाप. बाकी सगळ्या चुका." त्या वेळी त्यांचा आवाज किती शांत होता! पेटी तर त्या दिवसाच्या आधीच आली होती. रेषा ओढून झाल्या होत्या.

ताई वडिलांना पेज भरवीत होत्या. "आलात? बाबा तुमची वाट पाहतायत. दाराकडेच डोळे लावून होते," त्या म्हणाल्या. त्यांनी वाटी बाजूला ठेवली, गुरुजींची हनुवटी पुसली आणि उशी सरळ केली. गुरुजींची उजवी बाजू गेली होती. डावा हात पांघरुणावर एखाद्या थकलेल्या जनावरासारखा पडून होता. डोळे मात्र तेच होते. त्याने पुडके सोडले, प्रास्ताविक प्रकरणातले पहिल्या रेषेचे पान काढले आणि पाठीला एक पुठ्ठा लावून त्यांच्यासमोर धरले. छायाचित्रात ती रेषा बरीच मोठी करून छापली होती. ती चढत होती.

"गुरुजी," तो म्हणाला. पुढचे वाक्य त्याने जिन्यावर जुळवले होते, पण ते आले नाही. जे आले ते लहान मुलाचे होते. "गुरुजी, ही रेघ कुणाची हो?"

गुरुजींनी चित्राकडे पाहिले. चेहरा हलला नाही. मग दृष्टी खाली उतरली, टिपेच्या पहिल्या ओळीशी आली, आणि ते वाचू लागले. ओठ बारीक हलत होते. ही टीप त्याने कितीदा लिहून कितीदा फाडली होती. इतक्या खंडांत त्याला स्वतःला आवडलेली अशी ही एकच. म्हातारपणी माणूस आपल्या निष्कर्षाचा हात धरून आरंभाकडे कसा परत येतो, आणि तिथे त्याला घर सापडते की रिकामी जागा, याविषयी तिच्यात काही लिहिले होते. ते ग्रंथाविषयी आहे असेच लिहिताना त्याला वाटले होते. पहिला परिच्छेद संपला. गुरुजींनी पापण्या मिटून उघडल्या. त्याने पान थोडे वर सरकवले. खोलीत वाटीवर चमचा ठेवल्याचा आवाज झाला. ते अगदी शेवटच्या शब्दापर्यंत गेले. आजवर त्याने लिहिलेले प्रत्येक पान त्यांनी वाचले होते आणि प्रत्येक वेळी "ठीक" एवढेच म्हटले होते. त्या एका शब्दाहून अधिक काहीतरी त्यांच्याकडून मिळावे, म्हणून तो लिहीत राहिला होता, हे त्याला आज, या क्षणी, पुठ्ठा धरून हात भरून आलेले असताना कळले.

डावा हात पांघरुणावरून उचलला गेला आणि हवेत काही चाचपू लागला.

"काय हवंय बाबा? पाणी? चश्मा?" ताई वाकल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "पेन्सिल? पेन्सिल हवी तुम्हाला? अहो भाऊ, बघा तरी, पेन्सिल मागतायत!" त्यांनी वर्तमानपत्रावरची आपली पेन्सिल त्यांच्या बोटांत दिली आणि ती निसटू नये म्हणून मूठ वळवून दिली.

गुरुजींनी पेन्सिलीचे टोक टिपेच्या शेवटच्या ओळीशी टेकवले. रेषा वर निघाली, मध्ये अडखळली, वाकडी झाली, पुन्हा सावरली, टिपेच्या बाजूने चढत चढत पहिल्या ओळीपर्यंत गेली आणि माथ्याशी पोहोचताच उजवीकडे किंचित वळून थांबली. मग पेन्सिल बोटांतून गळली. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात काय होते हे पुढे कधीही त्याला सांगता आले नसते. कबुली होती की शाबासकी, हे विचारण्याची आता सोय नव्हती. ती एकाच हाताने, एकाच रेषेत दिली गेली होती.

"पसंत पडलं हो भाऊ!" ताईंचे डोळे भरून आले होते. "इतक्या वर्षांत कुणाच्याही लिहिण्याला त्यांनी अशी खूण केलेली मी पाहिली नाही. तुमचं सोनं झालं!"

दाराची घंटा वाजली. "छापखान्याचा माणूस," बाहेरून आवाज आला. ताई दार उघडायला गेल्या.

त्याने पांघरुणाच्या घडीतून पेन्सिल उचलली. ती अजून उबदार होती. पान गुडघ्यावर घेऊन त्याने टीप पाहिली, तिच्या बाजूची थरथरती रेषा पाहिली, आणि छायाचित्रातल्या रेषेखाली लहान अक्षरांत 'अन्यहस्त' असे लिहिले. अक्षर सुबक आले. मग पेन्सिल पानाच्या माथ्याशी नेली. अर्ध्या आयुष्यात त्याने वरून खाली रेषा ओढली नव्हती. हात तिथेच थबकून राहिला, जणू उतरायची वाट विसरला होता. त्याने डोळे मिटले आणि हात खाली ओढला. आपल्या टिपेच्या मधोमध, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काट मारली, मात्र समासातल्या त्या रेषेला कुठे स्पर्श होऊ दिला नाही.

"अहो, हे काय करताय?" ताई दारातून धावत आल्या. "अहो भाऊ, भान आहे का? बाबांना आवडलं ना ते!"

"आवडलं," तो म्हणाला, "म्हणूनच."

गुरुजींचे डोळे उघडे होते. छापखान्याचा माणूस उंबऱ्यात चुळबुळ करीत उभा होता, खिशातला फोन पुन्हा वाजू लागला होता, आणि तो कुणाचा हे त्याला न पाहताच ठाऊक होते. पुडक्यात अजून कितीतरी पाने होती, प्रत्येक पानावर एक चढती रेषा आणि तिच्याखाली एक टीप. त्याने ते पान बाजूला ठेवले, दुसरे घेतले, आणि हात पुन्हा वर नेला.